नॉर्थवेस्टर्नची न उघडलेली मतपेटी

२५ एप्रिल २०१४, शुक्रवार. शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठावर इव्हान्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या ७६ खेळाडूंना त्या दिवशी एकाच प्रश्नावर गुप्त मतदान करायचं होतं: युनियन हवी की नको? मतदान झालं, चिठ्ठ्या पेटीत पडल्या, पेटी सीलबंद होऊन राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ या सरकारी संस्थेच्या ताब्यात गेली. जवळजवळ सोळा महिन्यांनी मंडळाने सांगितलं की या प्रकरणात आम्ही पडणार नाही. त्या चिठ्ठ्या कोणी मोजल्याच नाहीत.

कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का, या अमेरिकेतल्या वादात नावं निघतात ती न्यायालयात जिंकलेल्या खटल्यांची. मला मात्र अर्ध्यावर राहिलेलं हे प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. या मुलांनी पगार मागितलाच नव्हता. त्यांना मालकासमोर बसून बोलण्याचा हक्क हवा होता. पुढच्या दहा वर्षांत पैसे आले, भरपूर आले, पण तो हक्क आजतागायत आलेला नाही.

आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून हे वाचलं तर काही उमगणार नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल (हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि अंडाकृती चेंडूवाला) हा टीव्हीवरचा अवाढव्य धंदा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार माणसं बसतात, आणि ते विद्यार्थ्यांचं मैदान आहे. नॉर्थवेस्टर्न त्याच ‘बिग टेन’ गटात खेळतं. या गटाने २०२२ साली टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा जो करार केला तो ७०० कोटी डॉलरच्या वरचा होता. प्रशिक्षकांचे पगार कोट्यवधींत जातात. खेळाडूला मिळायची ती शिष्यवृत्ती: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्यावर एक पैसाही घ्यायचा नाही, स्वतःची सही विकायची नाही, जाहिरातीत झळकायचं नाही, हा कॉलेज खेळांवर राज्य करणाऱ्या एनसीएए या संघटनेचा कडक नियम होता.

कडक म्हणजे किती, याचा नमुना याच प्रकरणातल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतो. रमोगी हुमा १९९५ साली यूसीएलए विद्यापीठात फुटबॉल खेळत होता. त्याच्या संघातला डॉनी एडवर्ड्स हा नामांकित खेळाडू एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाला की घरात खायला काही नाही. कोणीतरी त्याच्या दारात किराण्याच्या पिशव्या ठेवून गेलं, साधारण १५० डॉलरचा माल. तो घेतला म्हणून एनसीएएने एडवर्ड्सला निलंबित केलं. त्याच काळात त्याच्या नावाची जर्सी दुकानांत विकली जात होती. हुमाने पुढे खेळाडूंची संघटना काढली आणि २०१४ साली नॉर्थवेस्टर्नच्या मुलांचा अर्ज घेऊन कामगार मंडळाच्या शिकागो कार्यालयात गेला तो हाच माणूस.

केन कोल्टरची रसायनशास्त्राची तासिका

अर्जामागचा चेहरा होता केन कोल्टर, संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू), कोलोरॅडोचा मुलगा. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारा रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळेवर येत होता. हा विषय आत्ता घेऊ नकोस असं आपल्याला सांगण्यात आलं, मग मागे पडत गेलो आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळलो, असं त्याने मंडळापुढच्या साक्षीत सांगितलं. शिष्यवृत्ती हाच मोबदला, शिक्षण हाच पगार, असं आपण म्हणतो तेव्हा ही तासिका आठवावी. मोबदला म्हणून जे शिक्षण द्यायचं, त्यातलं कोणतं घ्यायचं हेसुद्धा कामाच्या वेळापत्रकाने ठरवलं.

सप्टेंबर २०१३ मध्ये एका सामन्यात कोल्टर आणि काही खेळाडू मनगटावरच्या पट्टीवर मार्करने ‘एपीयू’ ही तीन अक्षरं लिहून उतरले: ‘ऑल प्लेयर्स युनायटेड’, म्हणजे सगळे खेळाडू एकत्र. पुढच्या जानेवारीत, २८ तारखेला, युनियनच्या मान्यतेचा अर्ज दाखल झाला. वकिलांचा खर्च पोलाद कामगारांच्या युनियनने उचलला. आमच्याशी कोणी वाईट वागतं म्हणून हे करतोय असं नाही, हे कोल्टर पहिल्या दिवसापासून सांगत होता.

मागण्या काय होत्या, ते नीट बघा. खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च कॉलेज सुटल्यावरही मिळावा. डोक्याला मार बसला तर स्वतंत्र तपासणी व्हावी. जायबंदी खेळाडूची शिष्यवृत्ती जाऊ नये. राहिलेली पदवी पुरी करायला निधी असावा. बाहेरच्या जाहिरातींतून कमाईची मुभा असावी. महिन्याला अमुक इतका पगार द्या, असं यात कुठेच नव्हतं. तरी बातम्यांचे मथळे आले ते ‘खेळाडूंना पगार हवा’ असेच, आणि चर्चा त्याच रुळावरून धावत सुटली.

नोकर कोणाला म्हणायचं?

मंडळाचे शिकागोचे विभागीय संचालक पीटर संग ओर यांनी साक्षीपुरावे ऐकून २६ मार्च २०१४ रोजी निकाल दिला. कसोटी जुनीच होती: दुसऱ्यासाठी काम, त्याबद्दल मोबदला आणि त्या कामावर दुसऱ्याचा ताबा. या तिन्हींची उत्तरं त्यांनी तत्त्वज्ञानात शोधली नाहीत, मुलांच्या दिनक्रमात शोधली. म्हणूनच हा निकाल मला अजून वाचावासा वाटतो.

ऑगस्टच्या सराव शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास. हंगाम सुरू झाला की ४० ते ५० तास. एनसीएएची मर्यादा आठवड्याला २० तासांची. पण प्रवास, उपचार आणि कागदावर ‘ऐच्छिक’ असलेला व्यायाम त्यात धरला जात नाही. बाहेर नोकरी करायची तर परवानगी. कॅम्पसबाहेर खोली घ्यायची तर भाडेकरार आधी प्रशिक्षकाला दाखवायचा. समाजमाध्यमांवर काय लिहितो यावर नजर. पत्रकारांशी बोलण्यावर बंधन. वर्षाला सुमारे ६१,००० डॉलरची शिष्यवृत्ती, बाहेर राहणाऱ्या वरच्या वर्गातल्या खेळाडूला महिन्याला १,२०० ते १,६०० डॉलरचा खर्च, आणि संघ सोडला तर हे सगळं बंद. दुसऱ्या बाजूला, २००३ ते २०१२ या काळात या एका फुटबॉल कार्यक्रमाचं उत्पन्न २३.५ कोटी डॉलर होतं.

ओर यांनी लिहिलं की हे खेळाडू नोकर आहेत. शिष्यवृत्ती हाच त्यांचा मोबदला आहे. यात एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. संघात एकूण ११२ जण होते, त्यांतल्या ८५ जणांना शिष्यवृत्ती होती. बाकीचे हौसेने, स्वखर्चाने खेळणारे. तेही तोच घाम गाळत होते, पण मोबदला नाही म्हणून ओर यांनी त्यांना नोकर मानलं नाही. म्हणजे निकालाच्या तर्काप्रमाणे पगाराचा प्रश्न आधीच सुटलेला होता. पगार चालूच होता, फक्त त्याला दुसरं नाव दिलेलं होतं.

नावाचीही एक गोष्ट आहे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द आपल्याला आदर्शवादी वाटतो. तो १९५० च्या दशकात एनसीएएने रूढ केला, जखमी खेळाडूंनी कामगार भरपाई मागू नये म्हणून. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणींत हे स्वतःच लिहून ठेवलं. १९५५ साली कोलोरॅडोत, फोर्ट लुईस ए अँड एम या कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नव्हतं. या निकालानंतर साठएक वर्षांनी त्याच राज्यातला कोल्टर मागत होता तेही मुळात तेवढंच: मैदानात मोडलेल्या हाडाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी.

विरोधातलं म्हणणं

विद्यापीठाची बाजू पोकळ नव्हती. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंपैकी ९७ टक्के पदवी घेत होते, देशात सर्वोत्तमांपैकी. मुख्य प्रशिक्षक पॅट फिट्झगेराल्ड याच संघाचे जुने खेळाडू. मुलांचा त्यांच्यावर जीव होता. त्यांनी आणि विद्यापीठाने मुलांना ‘नको’वर शिक्का मारायचा आग्रह केला. तुम्ही ओळखीच्या माणसांवरचा विश्वास काढून परक्यांच्या हाती देताय, असा त्यांचा सूर होता. काही खेळाडूंनी उघडपणे युनियनला विरोध केला. पेटी उघडली असती तर बहुमत ‘नको’ला निघालं असतं, हेही शक्य आहे.

शिष्यवृत्तीला मोबदला म्हटलं की तिच्यावर प्राप्तिकर लागेल का, हाही प्रश्न होता. पण मला सगळ्यात जड वाटतो तो दुसरा मुद्दा. बहुतेक विद्यापीठांत फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल हे दोनच खेळ कमावतात. जलतरण, कुस्ती, तलवारबाजी, मुलींचे बहुतेक संघ याच कमाईवर जगतात. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलींना खेळात समान संधी द्यावी लागते आणि त्या कायद्याने अमेरिकेतल्या मुलींचं आयुष्य खरोखर बदललं. फुटबॉलपटूला हक्काचा वाटा द्यायचा तर तो कुणाच्या ताटातून काढायचा? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि आहे असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तरीही मी मुलांच्याच बाजूने आहे. पोहणाऱ्या मुलीच्या तलावाचा खर्च करायला हवा हे खरं. पण तो डोक्याला मार खाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या वाट्यातून, त्याला न विचारता करायचा, हे कसं? वाटणी कशी करायची हे बसून ठरवण्यासाठीच तर बोलणी असतात. आणि प्रशिक्षकाच्या भलेपणाबद्दल बोलायचं, तर भला मालक मिळणं हे नशीब आहे. नशिबावर व्यवस्था चालवू नये. याच विद्यापीठात २०२३ साली फुटबॉल संघातल्या छळाच्या तक्रारी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापल्या आणि मोठं वादळ उठलं. प्रशिक्षकांना हे माहीत होतं असा पुरेसा पुरावा चौकशीत मिळाला नाही. तरी त्यांना काढण्यात आलं, ते न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तडजोड झाली. त्या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की मुलांना तक्रार करायला आपलं असं ठिकाण नव्हतं आणि शेवटी वर्तमानपत्रच जवळ करावं लागलं.

मंडळाने हात का झटकले

मतदानाच्या आदल्या दिवशी, २४ एप्रिलला, वॉशिंग्टनमधल्या मुख्य मंडळाने ओर यांच्या निकालाचा फेरविचार करायचं मान्य केलं. म्हणून मतं घेतली, पण मोजली नाहीत. १७ ऑगस्ट २०१५ रोजी पाचही सदस्यांनी एकमताने अर्ज फेटाळला. खेळाडू नोकर आहेत की नाहीत, यावर त्यांनी अक्षरही लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं असं: १९३५ चा कामगार संबंध कायदा फक्त खासगी मालकांना लागू होतो. वरच्या श्रेणीतल्या सुमारे १२५ फुटबॉल संघांपैकी खासगी विद्यापीठांचे फक्त १७. बिग टेनमध्ये तर तेव्हा नॉर्थवेस्टर्न एकटंच खासगी. बाकीचे संघ सरकारी विद्यापीठांचे, त्यांच्यावर मंडळाचा अधिकारच नाही. मग एका संघात युनियन मानून कामगार संबंधांत स्थैर्य येणार नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हा पेच ओळखीचा वाटायला हवा. बाजारातल्या हमालाचा मालक कोण? सकाळी या गाळ्यावर गोणी, दुपारी त्या ट्रकवर. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाला वळसा घातला. एकच मालक शोधत बसण्याऐवजी मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ नेमलं. मजुरी त्या मंडळात जमा व्हायची, तिच्यावर लेव्ही आकारायची आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. कायदा आखूड पडला तर कामगाराला बाहेर काढायचं नाही, कायदा वाढवायचा, ही त्यातली दृष्टी. अमेरिकेच्या मंडळाला नवा कायदा करता येत नाही, हे मान्य. पण ज्यांना येतो ते उलट दिशेने धावले. ओहायो आणि मिशिगन या दोन राज्यांनी कॉलेज खेळाडू नोकर नाहीत असे कायदे करून टाकले.

जे मिळालं आणि जे नाही

हरलेल्या अर्जानेही वारं फिरवलं. एप्रिल २०१४ मध्येच, कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. आठवडाभरात एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढायचा निर्णय घेतला. २०१५ पासून मोठ्या गटांना शिष्यवृत्तीत राहणीमानाचा पूर्ण खर्च देता येऊ लागला. २०१६ साली, कामगार मंडळाच्या वकिलांनी आक्षेप घेतल्यावर, नॉर्थवेस्टर्नने बोलण्या-लिहिण्यावरची बंधनं सैल केली. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी भरलेल्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता होता. पण १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनीच भरलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं: जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये जास्तीत जास्त २.०५ कोटी डॉलर थेट वाटायची परवानगी.

‘जास्तीत जास्त’ हा शब्द सोडू नका. ही मर्यादा संघटना, गट आणि दोन्हीकडच्या वकिलांच्या तडजोडीत ठरली. खेळाडूंनी निवडून दिलेलं कोणी तिथे नव्हतं. व्यावसायिक लीगमध्येही पगारावर मर्यादा असते, पण ती युनियनशी बोलून ठरते. म्हणून ती न्यायालयात टिकते आणि खेळाडूला आपली वाटते. इथे रक्कम वाढली, मात्र ती कोणी, कशी ठरवायची हे वरच राहिलं. मेहेरबानी मोठी झाली तरी ती मेहेरबानीच.

युनियनचा प्रयत्न पुन्हा झाला. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली. या वेळी मतं मोजली गेली. कॉलेजने बोलणी करायला नकार दिला. मंडळाची राजकीय रचना बदलणार, आता गेलो तर कायमचा उलटा निकाल पदरात पडेल, हे दिसू लागल्यावर वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेण्यात आला.

इव्हान्स्टनमध्येच एक वेगळी गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच मंडळाने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात ठरवलं की खासगी विद्यापीठात शिकवणारे आणि प्रयोगशाळेत राबणारे पदव्युत्तर विद्यार्थी नोकरही असू शकतात. विद्यार्थी असणं आणि नोकर असणं एकत्र नांदू शकतं. २०२३ च्या जानेवारीत नॉर्थवेस्टर्नच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने युनियन निवडली. आपल्याकडून पीएचडीसाठी तिकडे जाणाऱ्या मुला-मुलींना या बदलाचा थेट फायदा आहे: स्टायपेंड, आरोग्य विमा, तक्रार कुठे करायची, हे सगळं आता कराराने ठरतं. कॅम्पस तोच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारी संशोधक कराराच्या मेजावर बसते, आणि सरावामुळे त्या विषयाला मुकणारा खेळाडू बसत नाही. हा फरक कोणत्या न्यायाने केला, हे मला आजवर कोणाच्याही युक्तिवादात सापडलेलं नाही.

कोल्टर पुढे व्यावसायिक लीगच्या निवडीत कोणाकडून निवडला गेला नाही. मिनेसोटा वायकिंग्जने त्याला करारावर घेतलं. जुनं स्टेडियम पाडून विद्यापीठाने ८५ कोटी डॉलरहून जास्त खर्चाचं नवं उभारायला घेतलं. १ ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएने सगळ्या श्रेणींतल्या खेळाडूंसाठी कॉलेज सुटल्यानंतर दोन वर्षं दुखापतीच्या उपचारांचा विमा सुरू केला. २०१४ च्या अर्जातली पहिली मागणी हीच होती. विमा त्या तारखेनंतरच्या दुखापतींना लागू आहे. त्या दिवशी पेटीत चिठ्ठी टाकणारी मुलं तोवर तिशीच्या घरात आली होती, आणि त्यांचे गुडघे, त्यांचे खांदे त्या तारखेच्या कितीतरी आधीचे होते.